सशाखालचा भुसा

आज भोरच्या घरी पडवीत सुतार पाइनच्या फळ्या कापतोय. ताज्या भुशाचा वास नाकात गेला आणि मला माझा पांढरा ससा आठवला.

लहानपणी आमच्या गावी, उत्रोलीला, मी त्याला खोक्यात ठेवलं होतं. त्याच्याखाली घालायला गंजीतला भाताचा पेंढा ओढला, तर माझ्या चुलत्यांनी, तात्यांनी, तो हातातून हिसकावून घेतला. "गाईच्या तोंडचा घास सशाच्या बुडाखाली घालती व्हय?" आमच्याकडं चारा पायाखाली घालत नाहीत. तात्यांनी वखारीतून पाइनचा भुसा आणून खोक्यात ओतला. मऊ, पिवळसर, गोड वासाचा. मलाही तो आवडला होता, आणि याचाच आज जास्त राग येतो.

थोड्याच दिवसांत ससा शिंकायला लागला. डोळे गळायचे, बरगड्या भात्यासारख्या हलायच्या. "तात्या, त्याला वास सोसंना," मी म्हणाले. तात्या तंबाखू मळत होते. "सवय हुईल," एवढंच बोलले. एका सकाळी ससा त्या भुशातच ताठ पडलेला सापडला. पाइनचा उग्र वास आणि बारीक धूळ सशाच्या छातीला बाधते, हे पुढं कधीतरी जनावरांच्या डॉक्टरांनी सांगितलं.

थकलेले तात्या आता माझ्याकडंच असतात. मघाशी पडवीतल्या खाटेवरून त्यांनी हाक मारली, "आगं, भुशानं लई खोकला येतोय. माझी खाट आत घे."

मी चहा ढवळत राहिले. मग सावकाश म्हणाले, "सवय हुईल, तात्या."