अठ्ठ्याऐंशीवं मिनिट

मनगटावरच्या घड्याळाच्या काचेवर दोनदा टिचकी मारायची आणि मगच तोंड उघडायचं, ही त्यांची सवय. "बाय, मिनटा मोजावी. गोल तं कोनपन मोजतं." नौपाड्यातल्या माझ्या ऑफिसात ते पहिल्यांदा आले, तेव्हा नमस्काराच्या आधी हेच वाक्य ऐकलं. वकिलाकडे लोक रडत येतात, भांडत येतात, हे तुम्हीही पाहिलं असेल. हे गृहस्थ घड्याळ लावून आले होते.

खाडीकाठच्या कोळीवाड्यातल्या एका छोट्या फुटबॉल क्लबचे ते सेक्रेटरी, सगळ्यांचे काका. अर्धं आयुष्य होडीत गेलेलं, उरलेलं मैदानात. त्यांच्याकडे खेळत लहानाचा मोठा झालेला हरेश एका बड्या क्लबाने नेला होता. करार असा, की हरेश तिकडे दहा सामने खेळला की ठरलेली रक्कम यांना द्यायची. बडा क्लब म्हणत होता, नऊच खेळला. काकांना त्या पैशांतून मैदानावर भराव घालायचा होता. अमावास्या-पौर्णिमेच्या भरतीला खाडी थेट गोलपोस्टपर्यंत यायची आणि पोरं घरी बसायची.

"दहावा सामना खेळल्याचा पुरावा?" मी विचारलं.

त्यांनी पिशवीतून एक लांबट वही काढली. पिशवीला सुक्या बोंबलांचा वास होता, वहीलाही. त्यांच्या क्लबाचा नियमच होता, सरावाला आला तो पोरगा सामन्यात उतरणार, पाच मिनिटं का होईना. कुणावर अन्याय नको म्हणून काका प्रत्येकाची मिनिटं लिहीत. पोरगा दुसरीकडे गेला तरी यांचं लिहिणं थांबत नसे. हरेशच्या प्रत्येक सामन्याला ते स्वतः तिकीट काढून जाऊन बसले होते. दहाव्या सामन्यापुढे लिहिलं होतं, '८८ मि. हरेश आला. ४ नंबर बाहेर, लंगडतो. हरेशच्या डाव्या बुटाची नाडी सुटलेली.'

मला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही, पण पुरावा कळतो. म्हटलं, "हरेशलाच साक्षीला बोलवू. एका वाक्यात काम होईल."

या वेळी टिचकी नाही, काही नाही. "त्याला नाय."

"अहो काका, तोच तर खरा साक्षीदार!"

"तो अजून त्यांच्यात खेलतं, बाय. उद्या बाकावर बसवतील त्याला. मी त्याला खेलाला धाडलाय, कोर्टात उभा रवाला नाय."

"आणि हरलो तर?"

"हरलो तं हरलो. खाडी काय आमाला नवीन हाय?"

मी रागावले, खरंच रागावले. अशिलानेच वकिलाचे हात बांधले तर वकिलाने करायचं काय? तरी वही दाखल केली आणि पंचाने भरलेला सामन्याचा मूळ तक्ता मागवायचा अर्ज टाकला.

ठाण्याच्या कोर्टात काकांची उलटतपासणी झाली. समोरच्या वकिलांनी हसत हसत विचारलं, "त्या शेवटच्या दोन मिनिटांत त्याने चेंडूला पाय तरी लावला का?"

"नाय."

मी कपाळावर हात मारून घेतला.

"मग खेळला कसा म्हणता?"

काकांनी घड्याळावर दोनदा टिचकी मारली. "साहेब, बाकावर बसलेल्या पोराला विचारा दोन मिनटा म्हंजे काय. आत आला तो खेलला."

न्यायाधीशांनी लिहिता लिहिता मान वर केली. पुढच्या तारखेला पंचाचा तक्ता आला. अठ्ठ्याऐंशी मिनिटं, चार नंबर बाहेर, हरेश आत. नाडीचा तेवढा उल्लेख नव्हता. दावा आम्ही खर्चासकट जिंकलो आणि पैसेही आले.

निकालानंतर काकांचा एकच प्रश्न होता, "वही कवा मिलंल?" वही पुराव्यात जमा होती. म्हटलं, अपिलाची मुदत संपू दे, तोवर नवी आणा. "नव्या वहीत माजी जुनी पोरा कुठून येतील?" ते म्हणाले. मी हसले. मुदत संपली, पण माझ्यापुढे इतर कामं होती आणि वही परत मागायचा अर्ज मी महिनाभर उशिरा केला. ती हातात आली त्याच्या आदल्याच आठवड्यात काका झोपेत गेले. चूक माझी होती. माझ्या माणसाची वस्तू मला वेळेत देता आली नाही, हे अजून लागतं.

भराव पडल्यावर मैदानात पहिला सामना ठेवला होता, वर्तकनगरच्या पोरांशी मैत्रीचा. वही द्यायला म्हणून मी गेले. ती घ्यायला पुढे कोणी होईना, म्हणून मांडीवर ठेवून बसून राहिले. त्या दिवशी पौर्णिमा होती. खाडी भरावाच्या कडेला येऊन थांबली होती आणि मैदान कोरडं होतं.

सामना संपत आला तेव्हा रेषेबाहेर एक उंच तरुण बूट चढवताना दिसला. शेजारचा म्हणाला, "तो हरेश. सुट्टी काढून आलाय. कितव्या मिनिटाला उतरायचं तेही सांगून ठेवलंय त्याने."

मी घड्याळ पाहिलं, पेन काढलं आणि काकांच्या अक्षराखाली माझ्या अक्षरात लिहिलं, '८८ मि. हरेश आला.' मग वाकून नीट बघितलं आणि पुढे लिहिलं, 'दोन्ही नाड्या बांधलेल्या.'