जानूच्या व्हॅनचा आवाज

गॅरेजमध्ये दोन गोष्टी साठतात, भंगार आणि किस्से. भंगार न्यायला अधूनमधून टेम्पो येतो. किस्से कोणी नेत नाही, ते आमच्याकडेच पडून राहतात. जव्हारला शांताराम मिस्त्रीच्या गॅरेजला लागूनच माझं स्पेअर पार्टचं दुकान आहे. मध्ये फक्त एक पत्रा. तिकडे पान्हा पडला तरी इकडे कळतं. त्यामुळे कोणाचीही गाडी आली की पार्टही मी द्यायचा आणि सल्लाही मीच द्यायचा, अशी मला सवय लागली. एका जुन्या व्हॅननं मात्र आम्हा सगळ्यांची चांगलीच जिरवली, ते सांगतो.

*

मिस्त्रीची एक पद्धत आहे. आवाजाची तक्रार घेऊन कोणी आलं की तो गाडीला हात लावत नाही. आधी गाडीवाल्यानं तो आवाज तोंडानं काढून दाखवायचा! मिस्त्री डोळे मिटून ऐकणार, दोन-तीन वेळा काढायला लावणार आणि मगच जॅक मागवणार.

त्या व्हॅनचा मालक जानू, दाभोशाकडचा. एरवी विचारलं तरच बोलणारा माणूस. त्याला मिस्त्रीनं भर रस्त्यात उभं केलं आणि म्हणाला, काढ आवाज. जानू लाजत लाजत "टक्" म्हणाला. मिस्त्री म्हणाला, हा गिअर टाकतानाचा झाला, आता चढावरचा काढ. मग जानूनं गाल फुगवून जे काही "घुर्रर्र टक टक घुर्रर्र" सुरू केलं, ते ऐकून शिरपामाळ बघायला निघालेली एक पर्यटकांची गाडी थांबली. आतल्या बाईंनी काच खाली करून यांना बरं नाहीये का, असं विचारलं.

"यांना बरं आहे," मिस्त्री म्हणाला, "गाडीला बरं नाहीये."

*

हसण्यावारी नेलं तरी जानूचं दुखणं खरं होतं. कितीतरी वर्षं त्यानं ठाण्यात दुसऱ्याच्या गाड्या चालवल्या. मग ही जुनी व्हॅन घेऊन तो गावी परत आला आणि दाभोसा ते जव्हार माणसं नेऊ-आणू लागला. बायकोपोरांत राहायला मिळालं म्हणून खूश होता. पण त्याच रस्त्यावर एक नवी जीप सुरू झाली आणि जीपवाला लोकांना सांगू लागला, व्हॅनचा आवाज ऐका, एक दिवस चढावर खाली बसेल ती. तेव्हापासून जानूची दोन-चार माणसं रोज कमी होत होती. असंच चाललं तर परत ठाणं गाठावं लागेल, एवढं एकच वाक्य तो बोलला. 

त्याच्या कळवळ्यानंच मी सल्ला दिला, मागच्या चाकाचे बेअरिंग बदला. मिस्त्रीला ते पटलं नव्हतं, पण जानूची घाई होती. बेअरिंग बदलले. आवाज तसाच. मी म्हणालो, मग सायलेन्सर सैल असेल. तो आवळला. आवाज होता तिथेच. तिसऱ्यांदा मी तोंड उघडलं तेव्हा मिस्त्रीनं मला दुकानात गिऱ्हाईक आल्याचं सांगितलं. दुकानात कोणी नव्हतं.

*

मग भास्कर सर आले. सर शाळेत जायला जानूच्याच व्हॅननं जातात आणि जगातलं सगळं मोबाईलवरच्या व्हिडिओत शिकतात. त्यांनी फोन मिस्त्रीच्या नाकासमोर धरला. कोण्या परदेशी गोऱ्या माणसानं अगदी असाच आवाज कसा दुरुस्त केला, ते त्यात होतं. मिस्त्रीनं व्हिडिओ शेवटपर्यंत बघितला. त्या माणसाच्या स्वच्छ हातांचं कौतुक केलं.

"पण सर, त्याची गाडी पुढची चाकं ओढतात. आपलीला मागची चाकं ढकलतात. पेपर चांगला सोडवलाय, पण दुसऱ्या वर्गाचा आहे."

सर मनाला लावून घेणारे नाहीत. त्यांनी लगेच दुसरा व्हिडिओ शोधायला घेतला.

*

खरी गंमत म्हणजे गॅरेजमध्ये व्हॅन आवाजच करत नव्हती. मिस्त्रीनं ती घेऊन तीन चकरा मारल्या. शाळेत इन्स्पेक्शन असल्यावर पोरं बसतात तशी ती गप्प! शेवटी त्याच्या लक्षात आलं की रिकामी असली की ती गप्प असते, माणसं भरली की बोलते. म्हणजे वजन पाहिजे.

बाजाराचा दिवस होता. जानूनं भाजी-मीठ घेऊन उभ्या असलेल्या बारा जणांना व्हॅनमध्ये बसवलं. नुसती ट्रायल आहे, पुढच्या चढापर्यंत जायचं आणि परत यायचं, असं मी स्वतः प्रत्येकाला समजावलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. मिस्त्री दोन सीटच्या मध्ये, लोकांच्या पायांत आडवा झाला आणि फळीला कान लावला. एका बाईला ते बघवेना. ती उठून उभी राहिली आणि त्याला म्हणाली, "दादा, माझे जाग्यावर बस. असा पायात नको निजू."

चढ लागला. आवाज आला. मिस्त्री खालूनच ओरडला, सापडला, फिरव मागे! पण मागे फिरवायला कोण देतंय? माणसं आपापल्या पाड्यावर जायला बसली होती. ट्रायल थेट दाभोशाला संपली. उतरताना एक म्हातारा मिस्त्रीला सांगून गेला की बैलगाडीच्या आसाला वंगण नसलं की असंच होतं, तू एकदा वंगण घालून बघ.

आणि म्हातारा बरोबर होता, हे मिस्त्री आजही कबूल करत नाही.

*

कारण दोष शाफ्टच्या क्रॉसमध्ये निघाला. इंजिनाची ताकद मागच्या चाकांपर्यंत नेणारा लांब दांडा म्हणजे शाफ्ट, आणि त्याला वळतं ठेवणारा त्याच्या टोकाचा सांधा म्हणजे क्रॉस. तो उघडला तर आत ग्रीसचा टिपूस नाही, नुसती गंजाची लाल भुकटी. मिस्त्रीनं ती तळहातावर घेऊन जानूला दाखवली आणि विचारलं, ग्रीस कधी मारलं होतंस? जानूनं बराच वेळ आठवलं आणि मग गाडी घेतली तेव्हा पुसून घेतली होती, असं सांगितलं.

शाफ्ट काढताना मिस्त्रीनं भास्कर सरांच्या खिशातला खडू घेऊन दोन्हीकडे खुणा केल्या होत्या. जसा काढला तसाच बसला पाहिजे, नाहीतर गाडी थरथरते. त्याच वेळी माझ्या मनात आलं की एवढं काम होतंय, तर आपणही हातभार लावावा. मी रॉकेलचं फडकं घेतलं आणि शाफ्ट असा लख्ख पुसला की आरशासारखा दिसू लागला.

नवा क्रॉस घालून व्हॅन बाहेर काढली आणि ती अशी थरथरायला लागली की जानूच्या खिशातली बिडी खाली पडली. बिचाऱ्याचा चेहरा मला बघवेना. मिस्त्री खाली शिरला, खुणा शोधत राहिला. मी चहा सांगितला. चहा पिऊन झाल्यावर मी खडूचं कबूल केलं.

 मिस्त्रीनं शाफ्ट पुन्हा काढला, फिरवून बसवला आणि या वेळी छिन्नीनं खूण मारली. तेव्हापासून गॅरेजमधलं प्रत्येक फडकं मला दिसणार नाही अशा ठिकाणी ठेवतात.

*

व्हॅन गप्प झाली, अगदी भरलेली असतानाही! पहिल्या दिवशी जानू चढावर तीनदा खाली उतरला, इंजिन बंद पडलं की काय म्हणून. मिस्त्रीची तर चालच बदलली. तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा, जा, बसून ये एकदा, पोटातलं पाणी हलणार नाही.

आठ दिवसांनी जानू परत आला. गाडी झकास चालतेय, पण माणसं आणखी कमी झाली होती. पाड्यांवरून कोणी खाली उतरतच नव्हतं. जीप भरून जात होती. बायकोनं त्याची ठाण्याची बॅग माळ्यावरून काढून ठेवली होती. 

मिस्त्रीला हा आपल्या कामाचा अपमान वाटला. दुसऱ्या दिवशी धुतलेला पांढरा शर्ट घालून तो पुढच्या सीटवर बसला. मी मागे बसलो, कशालाही हात लावायचा नाही या मिस्त्रीच्या अटीवर.

दाभोशाच्या अलीकडे रस्त्यावरच्या एका मोरीच्या कठड्यावर एक म्हातारी टोपली घेऊन बसली होती. डोळ्यांत मोतीबिंदू, दोन हातांपलीकडे तिला धड दिसत नव्हतं. व्हॅन तिच्यापुढे थांबली. तिनं विचारलं, "जीप कां?"

"मी हाय आजी. जानू."

म्हातारी उठलीच. "तू हायस? मी बोलली गेला पोर ठाण्याला. आठ दिस झालं, आवाज नाय कां काय नाय. आम्ही सगली आवाज आयकून उतरायचो, तं कोन उतरंल? गाडी इकली नां तू?"

 जानूनं तिला हात देऊन वर घेतलं. बसल्यावर तिनं पुढे वाकून मिस्त्रीच्या पांढऱ्या शर्टाकडे निरखून बघितलं आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"शेठ, तू घेतलीस कां याला कामाला? बेस केलास. पोर घरी रायला. तुझी गाडी पन बेस हाय, मऊ चालतं. पन याची पयली गाडी लय बेस होती. डोंगराचे पल्याडशी सांगायची, येतां म्हनून."

जानूनं माझ्याकडे बघितलं. मी मिस्त्रीकडे बघितलं. उभ्या जन्मात कोणाचं ऐकून न घेतलेला तो माणूस समोरच्या रस्त्याकडे बघत होता.

"हो, आजी," मिस्त्री म्हणाला.