दाराला कडी लावणारे खासनीस सर

पहिल्या तासाला खासनीस सर वर्गात शिरले की आधी दाराला आतून कडी घालत. मग खडू उचलून म्हणत, "आत आलात, पाठीवर फॉस्फेट बसला. आता बाहेर जायचं नाही." साखर पेशीत शिरली की तिला लगेच फॉस्फेट चिकटवला जातो आणि मग ती बाहेर पडू शकत नाही, एवढंच सांगायला हे नाटक. उशिरा आलेल्यांनी दार वाजवलं तर आतून उत्तर येई, "एन्झाइम जेवायला गेलंय." मी शेजारच्या प्रयोगशाळेत प्रात्यक्षिकं घ्यायची. भिंतीपलीकडून दर वर्षी हे ऐकू यायचं आणि दर वर्षी मला ते पोरकट वाटायचं.

लोणी काळभोरच्या बाजूला आमचं मेडिकल कॉलेज. सर जीवरसायनशास्त्राचे विभागप्रमुख, आणि आपल्याखेरीज कुणाला काही येतं यावर त्यांचा विश्वास नव्हता. वॉर्डातले डॉक्टर म्हणजे "गोळ्या वाटणारे". विद्यार्थी म्हणजे "फी भरलेले प्रेक्षक". माझा एखादा प्रयोग त्यांना हवा तसा आला नाही, की न बघताच निदान ठरलेलं असे, "बाई, तुमचं बफर चुकलंय." बफर म्हणजे प्रयोगात आम्लता कायम राखणारं द्रावण; ते क्वचितच चुकलेलं असे.

शिकवत मात्र उत्तम, हे कबूल करायला हवं. फॉस्फेट लागलेल्या त्या साखरेचं नाव ग्लुकोज-सिक्स-फॉस्फेट. सर म्हणत, "हे पेशीतलं स्वारगेट. सगळ्यांना इथे यावंच लागतं, कुठे जायचं ते इथून पुढे ठरतं." बहुतेक साखर जळायला जाते, काही साठवणीत जाते. एक लहान रस्ता बाजूला फुटतो. त्या रस्त्याच्या तोंडाशी जी-सिक्स-पी-डी नावाचं एन्झाइम बसलेलं असतं, आणि तो रस्ता चालू असला तरच रक्तातल्या तांबड्या पेशी स्वतःचा बचाव करू शकतात. काही मुलग्यांमध्ये हे एन्झाइम जन्मतःच कमी असतं. एरवी ते ठणठणीत दिसतात. पण एखादं औषध किंवा कपड्यांतल्या डांबरगोळ्यांची वाफ मिळाली की पेशी फुटतात आणि भयंकर कावीळ होते. तोंडी परीक्षेत सरांचा हा प्रश्न ठरलेला. डांबरगोळी विसरलेल्याला ते हाताने दार दाखवत.

त्यांची मुलगी मृण्मयी बाळंतपणाला माहेरी आली. बाळ ठरल्यापेक्षा आधी आलं, मुलगा. हॉस्पिटलातून घरी आणल्यावर पुढच्याच रविवारी मी बघायला गेले. सातारा रस्त्यावरचा त्यांचा फ्लॅट. बाळ हळदीसारखं पिवळं होतं, दूध ओढत नव्हतं, आणि लंगोट चहात बुडवल्यासारखा दिसत होता. मृण्मयी रडकुंडीला आली होती. सर आरामखुर्चीत बसून समजावत होते की नव्या बाळांना कावीळ होतेच, कोवळ्या उन्हात धरा, आणि गोळ्या वाटणाऱ्यांकडे सोमवारी जाऊ.

मी बाळाला उचललं. झबल्याला वास येत होता.

"सर, हे झबलं कुठलं?"

"मृण्मयीचंच. बारशापर्यंत बाळाला नवं घालत नाहीत, एवढं तरी माहीत असेल तुम्हाला. तीस वर्षं मी स्वतः जपलंय. बघा, कुठे कसर लागलीय? लोक ट्रंकेत एखादी डांबरगोळी टाकतात आणि मग रडतात. मी दर दिवाळीला मूठभर—"

तिथे ते थांबले. वर्गात इतक्या वर्षांत त्यांचं वाक्य अर्धवट राहिलेलं मी ऐकलं नव्हतं.

मी झबलं, टोपडं, दुपटं सगळं काढून गॅलरीत फेकलं, बाळाला माझ्या सुती ओढणीत गुंडाळलं आणि मृण्मयीला चपला घालायला सांगितल्या. सर उठून नुसते उभे होते. शेवटी मीच म्हटलं, "रिक्षा बघता का?" ते पायऱ्या उतरून धावत गेले.

हॉस्पिटलमध्ये तरुण डॉक्टरने काय झालं विचारलं, तर सरांनी ग्लुकोजपासून सुरुवात केली. तो म्हणाला, "काका, एक मिनिट. कपड्यांत डांबरगोळ्या होत्या की नव्हत्या?" सर म्हणाले, होत्या. बाळाचं रक्त बदलावं लागलं. आम्ही बाहेर बाकावर बसलो होतो. मृण्मयीने समोरच्या भिंतीकडे बघत विचारलं, "बाबा, तुम्हाला हे माहीत होतं?"

"होतं."

बाळ वाचलं. ज्ञानाचा त्यात काडीचा वाटा नव्हता. वास आला म्हणून वाचलं.

हा दोष मुलाला आईकडून येतो, असं डॉक्टरने सांगितलं. आमच्या घराण्यात असलं काही नाही, असं सरांनी तिथेच सुनावलं. दोनचार दिवसांनी ते प्रयोगशाळेत आले, बाही वर केली आणि म्हणाले, "काढा." मी रक्त काढलं, तपासलं. एन्झाइम जेमतेम होतं.

"बफर चुकलंय."

"नाही सर. दोनदा केलंय."

त्यांनी कागद ओढून आकडा स्वतः वाचला. ज्या एन्झाइमवर हा माणूस आयुष्यभर लोकांना नापास करत आला, ते त्याच्याच रक्तात पुरेसं नव्हतं. मला हसू येऊ शकलं असतं. आलं नाही.

"म्हणजे मृण्मयीला माझ्याकडून."

"वडिलांचं एक्स गुणसूत्र मुलीला जातंच, सर."

"मला शिकवू नका."

पुढच्या सत्रात वेळापत्रक लावताना त्यांनी तो ग्लुकोजचा तास माझ्या नावावर टाकला. कारण दिलं नाही, मी विचारलं नाही. फळ्यावर साखरेच्या प्रवासाची साखळी काढण्याआधी मी मुलांना त्या बाळाची गोष्ट सांगितली; आजोबांचं नाव घेतलं नाही. बोलता बोलता वर पाहिलं, तर मागच्या दाराने सर येऊन शेवटच्या बाकावर बसले होते. दुसऱ्याच्या तासाला बसणं त्यांच्या लेखी शिक्षा होती. माझं बोलणं पूर्ण होईपर्यंत ते हलले नाहीत. एका मुलीने विचारलं, आजोबांना हे कळायला नको होतं का? मी म्हटलं, कळत होतं. घरात वापरलं नाही.

तास संपल्यावर आभार मानतील, निदान माफी मागतील, अशी माझी अपेक्षा नव्हतीच. ते फळ्यापाशी आले, माझ्या आकृतीकडे बघितलं आणि म्हणाले, "बाई, अक्षर फार बारीक काढता तुम्ही. मागून काही दिसत नाही."

त्यानंतर वर्षभरात ते निवृत्त झाले, आणि गेल्या साली वारले. तो तास अजून माझ्याकडेच आहे. परवा मी शेवटच्या बाकावर जाऊन पाहिलं. खरंच दिसत नव्हतं. सगळं पुसून पुन्हा मोठं लिहिलं.