बावीस ताटांची पलटण

काय हो, मोजणीच्या बाबतीत विश्वास कुणावर ठेवावा, दुकानदारावर की शिपायावर? तुम्ही शिपाईच म्हणणार! लालबागला माझं मिलिटरीच्या जुन्या मालाचं दुकान: घोंगड्या, बूट, पाण्याच्या बाटल्या. घोंगड्यांच्या थप्पीवर रिटायर्ड हवालदार सावंत रोज येऊन बसायचे. एक माणूस रोज एका जागी बसला, की मालापेक्षा किस्सेच जास्त साठतात.

"शेठ, पलटण म्हणजे लढाईवर जाते ती," ते बजावायचे. "भलत्याला पलटण म्हटलेलं मला खपत नाही."

*

शेजारच्या चाळीतले पालव आले. "शेठ, आमच्या पलटणीला घोंगड्या दाखवा." मागोमाग आई, बायको आणि पाच पोरं.

हवालदार ताठ उभे राहिले. "ऑफिसर कोण?"

पालवांनी गुपचूप बायकोकडे पाहिलं!

*

आठवड्यानं पालव एक घोंगडी घेऊन परत. "शेठ, हिच्यात ढेकणांची पलटण निघाली!"

हवालदारांनी घोंगडी उन्हात धरून तपासली. "हे आमचे नव्हेत. मिलिटरीतले रेशनवर पोसलेले, लठ्ठ असतात. हे तुमच्या चाळीतले!"

पालव घोंगडी घडी करून घरी घेऊन गेले.

*

समोर भागीरथीबाईंची खानावळ. जेवणारे बावीस, सगळे कोकणातले गिरणीकामगार. बाई त्यांना 'माझी पलटण' म्हणायच्या.

"बाई, पलटणीला शिस्त लागते," हवालदार म्हणाले.

"बांगडा असतो त्या दिवशी येऊन बघा. बिगूल न वाजवता फॉल-इन होतात मेले!"

तेव्हापासून रोज दुपारी ते खानावळीच्या दारात उभं राहून माणसं मोजून देऊ लागले.

तशी बाईंची स्वतःची मोजणी होतीच. प्रत्येकाचं ताट ठरलेलं. जेवला की ज्यानं त्यानं ते घासून भिंतीशी पालथं घालायचं. सुलटं ताट दिसलं की कुणीतरी उपाशी आहे.

*

संयुक्त महाराष्ट्राच्या दिवसांतला एक बंद. सकाळी बावीसही जण मोर्चाला गेले. दुपारी परळकडे गोळीबार झाल्याची बातमी आली. मी दुकानाच्या फळ्या लावल्या आणि खानावळीत जाऊन बसलो.

दोन-दोन, तीन-तीन करत माणसं परतली. कुणाचा सदरा फाटलेला, कुणाच्या पायात एकच चप्पल. जेवली, ताटं पालथी घातली. साचेखात्यात मागावर काम करणारा गोविंद तेवढा दिसेना. त्याला शेवटचं कुठे पाहिलं, तेही कुणाला सांगता येईना.

बाईंनी भातावर झाकण ठेवलं. "हवालदार, पलटण मोजा."

हवालदारांनी दारात उभं राहून एकेकाकडे बोट करत मोजलं. "बावीस! सगळे हजर."

बाईंनी भिंतीकडे पाहिलं. एक ताट सुलटं होतं.

"तुम्ही स्वतःला धरलंत. तुम्ही माझ्याकडे जेवत नाही," त्या म्हणाल्या. "परत मोजा, हवालदार. हिशेब खरा ठेवा."