खालून टाकलेला चेंडू

“ही बॉल टाकते की विटा?”

कॅप्टन हसली. मग सगळ्याच हसल्या. कॉलेजच्या बास्केटबॉल कोर्टावर मी फ्री थ्रोच्या रेषेवर उभी होते, चेंडू दोन्ही हातांत, गुडघ्यांच्या मध्ये. कुंपणाच्या जाळीबाहेर माझी आई होती. हडपसरच्या साइटवरून थेट आलेली. साडीवर पुरुषी शर्ट, केसांत सिमेंट. पहिल्यांदाच माझा सराव बघायला आली होती.

तिने ऐकलं.

परतताना बसमध्ये तिने एवढंच विचारलं, “माझ्यापायी हसल्या का गं त्या?”

मी नाही म्हणाले. ती पुन्हा कधी आली नाही.

मुलांनो, तुमची पणजी बांधकामावर विटा वर फेकायची. सुट्टीत मीही तिच्या शेजारी उभी राहायचे. गुडघे वाकवायचे, दोन्ही हात खालून वर, मनगटं सैल. परांचीवरच्या माणसापाशी पोचली की वीट क्षणभर हवेत थांबते. तिथेच त्याने ती उचलून घ्यायची. जोर जास्त झाला तर त्याची बोटं फुटतात.

चेंडूही मी तसाच टाकायचे. दोन्ही हात सारखे चालले की तो डावी-उजवीकडे भरकटत नाही. बोटांवरून सुटताना उलटा फिरतो, म्हणून बास्केटच्या कडीला लागला तरी त्याचा जोर मरतो. उंच गेलेला चेंडू वरून उतरतो आणि त्याला कडी मोठी मिळते. ही कारणं मी पुढे फिजिक्समध्ये शिकले.

कारणं तेव्हा कोणाला हवी होती? कॅप्टनने पहिल्याच दिवशी माझं आडनाव विचारून घेतलं होतं. त्यानंतर माझ्या बाटलीतलं पाणी ती प्यायली नाही. सरांनी बजावलं, चारचौघींसारखं डोक्यावरून टाकायचं, नाहीतर संघात जागा नाही. मला संघात राहायचं होतं. मी डोक्यावरून टाकू लागले. उजवा हात ढकलायचा, डावा नुसता आधाराला. चेंडू कडीवर आपटून बाहेर. रोज.

पुढे एका सामन्यात शेवटी बरोबरी होती आणि फ्री थ्रो माझा. मी चेंडू गुडघ्यांपाशी नेला. बाजूने सरांचा आवाज आला, “वरून टाक. कॉलेजची लाज काढू नकोस.”

मी वळले. “सर, माझी आई असंच टाकते.”

चेंडू कडीला हलकेच टेकला आणि आत पडला. टाळ्या झाल्या. मी कुंपणाच्या जाळीकडे पाहिलं. तिथे कोणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सर म्हणाले, “संघात तुला जागा नाही. जर्सी आणून दे. धुऊन.”

इतरांच्या जर्सी शिपाई न धुतलेल्याच गोळा करायचा. मी माझी घामासकट त्यांच्या टेबलावर ठेवली.

आई जाऊन बरीच वर्षं झाली. माझा एकही चेंडू आत पडताना तिने पाहिला नाही. हे दुःख कमी होत नाही.

सई, परवा व्हिडिओ कॉलवर तू म्हणालीस, खालून टाकलं की मुली हसतात, सोडून देते. तुझं तू ठरव. मी माझं ठरवलं आहे. पुण्यात मांजरी भागातल्या आमच्या सोसायटीत कोर्ट आहे. उद्या सकाळी मी त्या रेषेवर उभी राहणार. खालूनच टाकणार. कुठे शिकलात असं कोणी विचारलं, तर आईचं काम मोठ्याने सांगणार. हसले, तर पुन्हा सांगणार. हसू थांबेपर्यंत.