मला आधीच ठाऊक असलेले गोल

दोन वर्षे मी एका वडीलधाऱ्या माणसाला फसवत होतो, आणि तेही फुटबॉलच्या बाबतीत. लिहिताना माझे मलाच हसू येते. पण ज्याला फसवले त्याचे पुढे काय झाले हे आठवले की ते हसू टिकत नाही. माझी नोकरी जमिनींच्या मोजणीची. बांधावर दोन भाऊ एकमेकांकडे डोळे वटारून उभे असतात आणि मी दाखवीन ती खूण दोघेही मान्य करतात, कारण मोजणीत मी खोटे बोलणार नाही, एवढा भरवसा त्यांना असतो. तिथे मी खरोखरच कधी खोटे बोललो नाही. खोटे बोललो ते भिंगारला, आमच्या समोरच्या घरात, सकाळी सहाच्या चहाबरोबर.

समोरच्या घरात काका आणि काकू राहतात. नात्याने ते माझे कोणी नव्हेत. काका लष्कराच्या एका वर्कशॉपात स्टोअरकीपर होते. आता पंचाहत्तरीला आले आहेत. तरुणपणी कॅम्पातल्या सिव्हिलियन कामगारांच्या संघातून ते हाफबॅक खेळत. मूळचे काष्टीकडचे. लहानपणी वडिलांबरोबर तिथल्या बैलबाजारात फिरताना त्यांना एक विद्या मिळाली होती: जनावर चार पावले चालले की कोणत्या खुरात दुखते आहे ते सांगायचे. तीच विद्या त्यांनी फुटबॉलला लावली. खेळाडूंची नावे त्यांना कधी पाठ झाली नाहीत. आमच्या संघात त्यांच्या लेखी एक ‘लंबू’ होता, एक ‘दाढीवाला’ आणि बाकीचे सगळे नंबर. पण एखादा जण धावताना दिसला की ते पुढे सरकत आणि म्हणत, “ह्याचा उजवा पाय जड पडतोय. अर्ध्या तासात बसवत्याल बघ.” आणि अर्ध्या तासात तो खेळाडू बाकावर जाऊन बसलेला असे.

‘आमचा संघ’ म्हणजे इंग्लंडमधला एक लाल जर्सीचा क्लब. त्या शहरात आम्ही दोघेही कधी गेलो नाही आणि जाणार नाही. काकांच्या कॅम्पातल्या संघाची जर्सीही लाल होती, एवढेच कारण त्यांना पुरले. मला काकांचे वेड हे कारण पुरले. शनिवार-रविवार मी कर्जतकडे शेतावर जात असे, त्यामुळे लीगचे सामने आम्ही आपापल्या ठिकाणी पाहायचो. एकत्र पाहायचो ते आठवड्याच्या मधले, युरोपभरच्या क्लबांचे. ते आपल्याकडे अपरात्री होतात आणि काकांना डॉक्टरांनी नऊला झोपायची सक्ती केलेली. म्हणून सेटटॉप बॉक्सवर रेकॉर्डिंग लावायचे आणि सकाळी सहाला, निकाल न कळू देता, जणू आत्ताच चालू आहे असा सामना पाहायचा, हा आमचा करार.

काका तो करार सोवळ्यासारखा पाळत. सकाळी फोन बंद. काकूंनी रेडिओ लावायचा नाही. रेकॉर्डिंग किती लांबीचे आहे ते दिसले, तर जादा वेळ खेळला गेला की नाही हे आधीच कळेल, म्हणून त्यांनी टीव्हीच्या खालच्या कडेला पुठ्ठ्याची पट्टी चिकटवली होती. काकू म्हणायच्या, “लग्नात आंतरपाट एवढा वेळ धरला नव्हता, जेवढा ह्या टीव्हीला धरलाय.”

मी करार मोडला तो एका उपान्त्य फेरीच्या सकाळी. ही फेरी दोन सामन्यांची मिळून असते आणि पहिल्या सामन्यात आम्ही दोन गोलांनी हरलो होतो. पहाटे साडेचारला जाग आली आणि छातीत जी धडधड सुरू झाली ती थांबेना. केवळ धीर धरवला नाही. मोरीत जाऊन, दार लावून, चोरासारखा मी मोबाईल उघडला. आम्ही तीन गोल करून जिंकलो होतो! तोंडावर हात दाबून मी तिथल्या तिथे नाचलो.

दीड तासाने काकांच्या शेजारी बसलो तेव्हा पहाटे वाचलेले आपोआप बोलण्यात येत गेले. मध्यंतरापर्यंत गोल नव्हता. काकांनी चहाला हात लावला नव्हता. “गेलं गड्या ह्या वर्साचं,” ते म्हणाले.

“काळजी करू नका, काका,” मी म्हणालो. “तीन होतील.”

“तीन? येक हुईना आन तीन!”

आणि तीन झाले. पहिला लंबूने डोक्याने मारला. दुसरा कॉर्नरवरून, गर्दीत कोणाच्या तरी गुडघ्याला लागून आत गेला. तिसरा तर असा, की दाढीवाल्याने अर्ध्या मैदानातून चेंडू पायाला बांधल्यासारखा नेला, एकाला आत वळून, दुसऱ्याला बाहेर वळून मागे टाकले आणि गोलकीपर पडायच्या आधी चेंडू जाळीत! सत्तरी ओलांडलेला माणूस पलंगावर उभा राहिला. काकू स्वयंपाकघरातून धावत आल्या. “पडाल! उतरा खाली!” काका उतरले, ते माझ्या दोन्ही खांद्यांना धरून मला हलवायला लागले. “तुझी जीभ सोन्यानं मढवाया पायजे, मोजनीदार! तीन म्हनला आन तीन!”

मी तेव्हाच सांगायला हवे होते. दोन शब्दांचे काम होते, आणि त्या आनंदात काकांनी ते हसून सोडूनही दिले असते. पण कोणी इतक्या कौतुकाने माझ्याकडे पाहिल्याला फार वर्षे झाली होती. मी गप्प राहिलो.

पुढच्या सामन्याला मी पुन्हा मोबाईल उघडला, आणि मग ती सवयच झाली. नुसता निकाल पाहून माझे भागेना. कोणत्या मिनिटाला कोणी गोल केला, कोणाला कार्ड मिळाले, हेही वाचू लागलो. “सात नंबर आज भरात दिसतो,” असे मी सहज म्हणे आणि सात नंबर गोल करी. संशय येऊ नये म्हणून कधीकधी मी मुद्दाम चुकत असे. चुकल्यावर कपाळाला हातही लावी. हे लिहिताना सर्वांत जास्त लाज मला त्या हाताची वाटते. एका गोष्टीवर मात्र माझा ताबा नव्हता. गोल होण्याच्या क्षणभर आधी मी खुर्चीतून अर्धा उठलेला असे. काकांनी ते टिपले. “तुझं आंग आदीच उठतंय गड्या,” ते कौतुकाने म्हणाले. “ह्याला म्हनत्यात खेळ कळनं.”

गंमत अशी, की माझ्या वाट्याचा खेळ मात्र संपला होता. काका ओरडत, घाम पुसत, देवाला हाका मारत सामना पाहायचे आणि मी पाठ केलेला धडा म्हणत बसायचो.

काकांचे काय होत होते, तिकडे माझे लक्ष उशिरा गेले. एके सकाळी ते म्हणाले होते, “त्येंचा डावीकडला बॅक दमलाय. आपन तिकडनं घालनार बग.” तो दमला होता हे खरेच होते. पण गोल उजवीकडून झाला होता हे मला ठाऊक होते, आणि मी शांतपणे म्हणालो, “नाही काका, उजवीकडून होईल.” झाला. असे चार-पाच वेळा घडले असेल. मग त्यांनी सांगणेच सोडले. आधी माझ्या तोंडाकडे पाहायचे, मग खेळाकडे. एकदा नगरला जाऊन डोळे तपासून आले.

“काय म्हणाले डॉक्टर?” मी विचारले.

“डोळं ठीक हायेत म्हनं. म्हंजी बिघाड वरच्या मजल्यावर असनार.” डोक्याला बोट लावून ते हसले. काकू हसल्या नाहीत. मला बाहेरच्या ओट्यावर गाठून त्या हळूच म्हणाल्या, “ते लई मनाला लावून घेत्यात रे. विसराया लागलोय, म्हनत्यात. तू जरा त्येंच्यासंगं बोलत जा.”

मी मान हलवली. त्या दिवशीही मी सांगितले नाही.

त्यानंतर महिनाभराने कॅम्पातल्या संघातले दोघे जण माझ्याकडे आले. दरवर्षी स्पर्धेआधी अकरा जणांची निवड काका करत; निवृत्तीनंतरही तो मान त्यांच्याकडेच होता. कोणी रुसले, कोणी भांडले, तरी काकांनी काढलेली यादी बदलत नसे.

“सोमवारी सकाळी निवड हाय,” त्यांतला एक म्हणाला. “ह्या वर्षी तुमी यायचं, साहेब.”

“मी? मी आयुष्यात चेंडूला पाय लावलेला नाही.”

“आमीबी तेच म्हणलो. काका म्हणले, पाय लावायची गरज न्हाई. त्येला आधीच दिसतं. माझं आता संपलं, म्हणले.”

ज्या माणसाची नजर भर बाजारात बैलाची लंगड पकडत असे, त्याच्याकडून मी त्याची नजर काढून घेतली होती, आणि ती माझ्याकडे आलीही नव्हती. सोमवारच्या आत बोलायला हवे होते.

रविवारी लीगचा शेवटचा दिवस होता. सर्व सामने एकाच वेळी, आपल्याकडे रात्री साडेआठला. आम्ही जिंकलो तर विजेतेपद. बरोबरी झाली तरी ते दुसऱ्याचे. मी कर्जतला गेलो नाही. काकूंनी काकांना त्या दिवसापुरती झोपेची सूट दिली होती आणि शेंगदाण्यांची परात मध्ये ठेवून स्वतःही बसल्या होत्या. दोन वर्षांत प्रथमच, पुढे काय होणार हे मला ठाऊक नसलेला सामना मी काकांच्या शेजारी बसून पाहत होतो. शिट्टी वाजली आणि मोरीच्या दारामागे मी मारून टाकलेली ती धडधड जशीच्या तशी परत आली. किती आनंदाची भीती असते ती!

“बोल, मोजनीदार,” काका म्हणाले. “किती?”

“माहीत नाही, काका.”

“असं कसं? आजच बरं माहीत न्हाई?”

विसाव्या मिनिटाला आम्ही गोल खाल्ला. काकू म्हणाल्या, “बंद करा मेलं.” कोणी बंद केले नाही. मध्यंतरानंतर लंबूने बरोबरी साधली आणि परातीतले शेंगदाणे घरभर झाले. मग मात्र चेंडू त्यांच्या बचावाच्या भिंतीवर आपटून परत येऊ लागला. एकदा खांबाला लागला, एकदा रेषेवरून कोणी काढला. घड्याळ पळत होते. काका पुन्हा माझ्या तोंडाकडे पाहत होते.

“माझ्याकडे नका पाहू,” मी म्हणालो. “खेळाकडे पाहा आणि तुम्ही सांगा. मला खरंच काही दिसत नाही.”

ते कुरकुरले. मग सवयीने पुढे सरकले. आणि एकदम त्यांचा आवाज बदलला. ओळखीचा, जुना आवाज.

“त्यो बग, त्येंचा तीन नंबर. डावा पाय टेकवताना आंग चोरतोय. वळताच येनार न्हाई त्येला. त्येच्या आंगावरनं बॉल घाला! आरं, कुनीतरी घाला की!”

मी पाहिले, मला काहीच वेगळे दिसले नाही. तो इतरांसारखाच धावत होता. पण दोन मिनिटांनी आमचा नवा पोरगेलासा विंगर मैदानात आला, त्याने चेंडू नेमका तीन नंबरच्या बाजूने पुढे ढकलला आणि पळाला. तीन नंबर वळायला गेला आणि मध्येच अडखळला. विंगरने चेंडू गोलासमोर आणला, दाढीवाल्याने नुसता पाय लावला. गोल!

काका ओरडले, मी ओरडलो, काकू ओरडल्या. पलीकडच्या घरातून कोणीतरी काय झाले म्हणून विचारले आणि आम्ही त्यालाही ओरडूनच सांगितले. काकांनी मला मिठी मारली. आणि मग, धाप लागलेली असतानाच, ते ओशाळून म्हणाले, “आंदाज चुकून लागला गड्या. तू गप हुतास म्हनून मी आपलं बडबडलो.”

चुकून. ते ऐकल्यावर मला पुढचा क्षणही गप्प राहता येईना. सामन्याची आठ मिनिटे उरली होती. मी रिमोट घेऊन आवाज बंद केला.

“आरं, काय करतूस? चालूय अजून!”

“काका, मी निकाल आधी पाहून यायचो. पहाटे, मोबाईलवर. दोन वर्षं. सगळे सामने.”

काकांनी पडद्याकडे पाहिले, मग माझ्याकडे.

“त्ये तीन गोल?”

“तेही.”

“उजवीकडनं हुईल म्हनला हुतास, त्ये?”

“तेही. तुम्ही म्हणाला होता तो बॅक खरंच दमला होता. मला तो दमलेला दिसलाही नव्हता. मी फक्त वाचून आलो होतो.”

“आन मी डोळं तपासून आलो,” ते हळूच म्हणाले.

पडद्यावर आमचे लाल शर्ट मुक्याने धावत होते. मी खुर्चीतून उठलो आणि त्यांच्यासमोर खाली बसलो. आवाज काकूंनाही ऐकू जाईल इतका मोठा काढला.

“तुमची नजर कधीच चुकली नाही, काका. उद्याची यादी तुम्हीच काढायची. मी त्या लोकांना आजच जाऊन सांगतो, आणि का तेही सांगतो. तुमचं काही संपलेलं नाही. खोटा मी होतो. माझं चुकलं, काका. मला माफ करा.”