लातूर ते हदगाव: आत्याबाईंची बॅग भरताना

निघण्याआधी मी मोबाइलवर चार-पाच व्हिडिओ बघितले. कपडे गुंडाळून ठेवा, माणशी एकच बॅग घ्या, औषधांची पिशवी वेगळी ठेवा, म्हणजे प्रवासाचा ताण येत नाही. मला सगळं पटलं. मी तसंच करायला घेतलं.

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. वय शहात्तर. मागच्या वर्षी त्यांचा मुलगा, म्हणजे माझा नवरा, गेला. माझी मुलगी पुण्यात शिकते, मी दिवसभर कॉलेजच्या लायब्ररीत. उन्हाळ्यात आत्याबाई स्वयंपाकघरात पडल्या आणि मी संध्याकाळी घरी येईपर्यंत कुणाला कळलंही नाही. तेव्हापासून हदगावची माझी नणंद, सुनंदाताई, फोनवर एकच धोशा लावायची, "वैनी, आईला इकडं पाठवा. इथं घरात कायम माणसं असतेत."

दिवाळीनंतर चार दिवस काढायचे, एक मुक्काम नांदेडला करायचा, मग हदगाव, असं आम्ही ठरवलं. तिथं मन रमलं तर आत्याबाई राहतील, नाहीतर माझ्याबरोबर परत. त्यांना विचारलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "बघू." सगळ्यांना मी मात्र सांगत होते, आम्ही फिरायला निघालोय.

बॅग भरताना पहिली अडचण वाकळीची आली. जुन्या लुगड्यांची, त्यांनी स्वतः शिवलेली जाड वाकळ. मी म्हटलं, "आत्याबाई, ताईंकडे पांघरुणं काय कमी आहेत का? उगं ओझं."

"तिथली पांघरुणं त्यांची हायत माय. ही माझी हाय."

मी वाकळ कपाटात ठेवली. सकाळी बघते तर ती दोरीनं बांधून दाराशी तयार. आमच्याकडे लिंगपूजा रोजची, त्यामुळे विभूती आणि पूजेचा छोटा तांब्या बॅगेत येणार हे मी धरलं होतं. पण थंडीची दोन पोलकी, उन्हाळ्यातली सुती लुगडी, चष्म्याची जुनी जोडी? चार दिवसांसाठी कुणी उन्हाळ्याची लुगडी घेत नाही. हे मला कळलं. मी काही विचारलं नाही. घड्या नीट केल्या आणि चेन लावली.

लातूर ते नांदेड एसटीनं साडेतीन तास धरा. चाकूर, अहमदपूर, लोहा असा रस्ता आहे. मधला थोडा भाग सोडला तर चांगला आहे. एक सूचना: पंच्याहत्तरीच्या पुढच्यांना प्रवास फुकट असतो, पण आधार कार्ड दाखवावं लागतं. मी ते शहाण्यासारखं बॅगेच्या तळाशी, प्लास्टिकच्या पाकिटात सुरक्षित ठेवलं होतं. कंडक्टरसमोर अख्खी बॅग उपसली.

"ह्या मावशी फुकट, तुम्ही अर्ध्या तिकिटात," कंडक्टर म्हणाला. "आता डिझेलचे पैसे काय ड्रायव्हरनं भरायचे?"

"मग ढकलत ने की बाबा," आत्याबाई म्हणाल्या, "आमी कुठं नगं म्हणलाव?"

गाडीतल्या बायका हसल्या. मीही हसले. कितीतरी महिन्यांनी त्यांच्या तोंडून असं काही ऐकलं होतं, तेही माझ्याशी बोलताना नव्हे.

अहमदपूरला चहा आणि गरम भजी घेतली. अंतरापेक्षा बस किती वेळ थांबते तेच लक्षात ठेवा. म्हाताऱ्या माणसाला उतरायला, चढायला वेळ लागतो, आणि ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला की आपण उगाच त्यांच्यावर ओरडतो. मी ओरडले.

नांदेडला गुरुद्वाराजवळच्या यात्री निवासात खोली मिळाली. साधी, स्वच्छ, आणि लिफ्ट असलेली. डोकं झाकायला रुमाल किंवा ओढणी हाताशी ठेवा. दर्शन झालं आणि आम्ही लंगरमध्ये पंगतीला बसलो. दोन्ही हातांची ओंजळ पुढे करून आत्याबाईंनी पोळी घेतली, डाळीत बुडवून खाल्ली, आणि मान वळवून आत बघत राहिल्या. आत बायकांचा घोळका पोळ्या लाटत होता. मी हात धुऊन येईपर्यंत त्या तिथं जाऊन बसल्या होत्या. एका पंजाबी बाईनं त्यांच्यापुढे पोळपाट सरकवला. दोघींना एकमेकींचं अक्षरही कळत नव्हतं.

"आत्याबाई, उठा. कंबर धरेल."

"बस जरा तू."

मी भिंतीला टेकून बसले. त्या तासाभर लाटत होत्या. पोळ्या गोल, सारख्या, भराभर. खोलीवर परतताना म्हणाल्या, "पडल्यापासनं तू मला गॅसपाशी उभं राहू देत न्हाईस. तुझं बरोबर हाय. पन दिवसभर मी काय करावं माय? भिंतीकडं बघायलेली असते नुस्ती."

मी म्हटलं, "तुमच्या काळजीनंच ना?"

"हाव. काळजीनंच."

घाटावर गेलो, गोदावरीला पाणी होतं. फोटो काढले. एकाही फोटोत आम्ही दोघी सोबत नाही.

नांदेडहून हदगाव दीड-दोन तास. अर्धापूरला केळी घ्या, बसच्या खिडकीशीच मिळतात. हदगावकडे शेतात कापसाची वेचणी चालू होती. सहस्रकुंडचा धबधबा बघायचं आमच्या यादीत होतं, ते राहून गेलं, कारण सुनंदाताईंच्या घरी पोचल्या दिवसापासून आत्याबाई चुलीपुढून हलल्याच नाहीत. ताईंनी त्यांना बसायला जाड पाट दिला, मागे टेकायला पोतं ठेवलं, आणि भाकरीचं पीठ सरळ हातात दिलं. माझ्या मनात हे कधी आलं नव्हतं. मला फक्त "नका करू" म्हणता येत होतं.

शेजारची एक म्हातारी मुद्दाम डोकावून गेली. "काय वं, लेकीच्या दारी किती दिस?"

"भाकरी थापून खायलाव," आत्याबाई म्हणाल्या. "तू सुनेच्या हातची बसून खातीस, तुला काय कळावं?"

निघायच्या सकाळी चहा पिताना त्यांनी माझ्याकडे न बघता सांगितलं, "मी ऱ्हाते हितं." मी "बरं" म्हटलं. माझी बॅग भरायला मला पाच मिनिटंही लागली नाहीत.

भावजय घरातून निघाली की तिची ओटी भरायची, ही आमच्याकडची रीत. सुनंदाताई सवयीनं नारळ, खण आणि गहू घेऊन बाहेर आल्या, मला बघून उंबऱ्यातच थबकल्या. विधवेची ओटी भरत नाहीत. त्यांचे डोळे भरले.

"थांबलीस का?" आत्याबाई आतून म्हणाल्या. "भर की."

"आई, अगं..."

"माझी लेक निघालीय. आजपासनं हे तिचं म्हायेर. रिकाम्या पदरानं धाडू का तिला?"

मी पदर पसरला. आत्याबाईंनी उठून गव्हाच्या पहिल्या दोन मुठी स्वतः टाकल्या. मी वाकून नमस्कार केला तेव्हा त्यांच्या हातांना पिठाचा वास होता.

लातूरला परत येऊन आठवडा झाला. तुमच्यापैकी कुणी वडीलधाऱ्यांना घेऊन निघणार असाल, तर सामान कमी घ्या, हे मी आता कुणाला सांगणार नाही. त्यांना हवं ते घेऊ द्या, आणि ते का घेतलंय हे निघण्याआधी विचारा. मी त्यांना फिरायला नेलं की पोचवायला गेले, हे मी स्वतःला रोज विचारते. दोन्ही उत्तरं खरी वाटतात. घरात त्यांची जागा मोकळी झाली, संध्याकाळी पळत घरी यायची घाई संपली, आणि या सुटकेची लाज मात्र जात नाही.

काल संध्याकाळी फोन केला.

"जेवलीस का?"

"जेवले," मी म्हटलं. जेवले नव्हते.

"थांब जरा, तव्यावर भाकरी हाय," त्या म्हणाल्या आणि फोन खाली ठेवला. मागे ताईंच्या घरातला गलका, कुणाचं तरी हसणं, आणि त्यातून पिठावर पडणाऱ्या तळहाताचे एका लयीतले आवाज. एक भाकरी झाली, दुसरी झाली. मी फोन कानाला लावून आमच्या स्वयंपाकघरात उभी होते.